प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमधला 'वर्कफ्लो' कोणी चालवलाय का? (छोटं कॉलेज, सिंधुदुर्ग)

खिडकी_नंबर_दोन

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या कॉलेजच्या कार्यालयात काम करते. संस्थेने प्रवेशाचं सॉफ्टवेअर घेतलंय. अर्ज ऑनलाइन येतात, पण तिथून पुढचं सगळं आम्ही जुन्याच पद्धतीने करतो. अर्ज छापायचा, फायलीत लावायचा, कागद कमी असेल तर कोपऱ्यात पेन्सिलने लिहायचं, मुलाला फोन करायचा, फोन लागला नाही तर त्याच्या गावच्या दुसऱ्या मुलाकडे निरोप द्यायचा. बारावीचा निकाल लागला की खिडकीवर रांग आणि आत फोन, दोन्ही एकदम.

सॉफ्टवेअरमध्ये 'वर्कफ्लो' म्हणून एक टॅब आहे, कामाचा क्रम लावून दिला की पुढचं आपोआप व्हावं यासाठी. उघडला की कोरं पान आणि बाजूला 'ट्रिगर', 'कंडिशन', 'अ‍ॅक्शन' अशी खोकी. प्रशिक्षणात दाखवलेलं उदाहरण इंजिनिअरिंगचं होतं, ते आम्हाला लागू नाही. बीएमएस, बीसीए २०२४ पासून सीईटीत गेले, पण बीए, बीकॉम, बीएस्सी आणि आमची विनाअनुदानित बीएस्सी आयटी यांना केंद्रीय फेरी नाही. मुलांनी मुंबई विद्यापीठाकडे नोंदणी करायची आणि गुणवत्ता यादी आम्हीच लावायची.

विचारायचंय ते असं. सुरुवात कुठून करू? कोणती कामं यंत्रावर सोडली तर अंगाशी येणार नाहीत? आणि मुख्य म्हणजे, आमच्या सरांचं म्हणणं आहे की शुल्काची मुदत संपली की प्रवेश आपोआप रद्द व्हावा आणि पुढच्याला आपोआप निरोप जावा, म्हणजे कोणाचा फोन येऊन दबाव यायला नको. माझं मन तयार होत नाही, पण सांगायला कारणही धड सुचत नाही.

रत्नांग्री_ते_हिंजवडी

ताई, धागा बरा काढलात. मी हेच काम करतो, फक्त शाळा-कॉलेजांऐवजी कंपन्यांसाठी. आधी तो टॅब बंद करा आणि कागद घ्या.

कागदावर फक्त 'स्थिती' लिहा, म्हणजे अर्ज कुठे थांबू शकतो ते. उदाहरणार्थ: अर्ज आला, छाननीत, त्रुटी कळवली, पात्र, यादीत निवड, शुल्क बाकी, प्रवेश निश्चित, प्रतीक्षा यादी, रद्द. मग स्थितींमध्ये बाण काढा आणि प्रत्येक बाणावर लिहा, हा बाण कोण हलवतो: मुलगा, तुम्ही, प्रवेश समिती की घड्याळ. ज्या बाणावर नाव लिहिता येत नाही तिथे तुमची पद्धतच ठरलेली नाही. ते सॉफ्टवेअर ठरवून देणार नाही.

ट्रिगर म्हणजे काय घडल्यावर, कंडिशन म्हणजे कोणाच्या बाबतीत, अ‍ॅक्शन म्हणजे मग काय करायचं. 'अर्जाची स्थिती "त्रुटी कळवली" झाल्यावर, ज्याचा अधिवास दाखला जोडलेला नाही, त्याला अमुक मेसेज.' झाला एक नियम.

लोक हमखास गोंधळतात ते इथे: स्थिती आणि कारण एकत्र करतात. 'नॉन-क्रिमिलेयर बाकी', 'टीसी बाकी', 'टीसी आणि उत्पन्न दाखला बाकी' अशा वेगवेगळ्या स्थिती करायला गेलात तर कागदावर जाळं होईल. स्थिती एकच ठेवा, 'त्रुटी'. कोणता कागद नाही ते प्रत्येक कागदाच्या वेगळ्या हो-नाही रकान्यात. मेसेज त्या रकान्यांवरून तयार होईल.

अवांतर: फ्रापे कंपनीचं मुक्त स्रोत एज्युकेशन अ‍ॅप आहे (त्यांच्याच ईआरपीनेक्स्ट या संस्था-व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या चौदाव्या आवृत्तीपासून ते वेगळं केलंय). त्यात अर्जदाराच्या चारच मूळ स्थिती आहेत: अर्ज केला, मंजूर, नामंजूर, प्रवेश झाला. बाकीच्या गरजेप्रमाणे तुम्ही वाढवायच्या, आणि प्रत्येक बाण कोणत्या भूमिकेचा माणूस हलवू शकतो हे ठरवून द्यायचं. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर वापरत असलात तरी त्याचा आराखडा बघून ठेवा, डोकं साफ होतं.

मालवणी_खाजा

खिडकीतायनू, सगळा वाचलंय. बरा आसा. पण माका एक सांगा, मेसेज जातलो खय? आमच्या हय फॉर्मात नंबर असता सायबर कॅफेवाल्याचो. पोराक रेंज नाय, बापूस मुंबयक.

आता प्रमाण मराठीत, नाहीतर हिंजवडीवाले भाषांतर मागतील. मी देवगड तालुक्यात शिकवतो. फॉर्ममध्ये दोन नंबर सक्तीचे करा, मुलाचा आणि घरातल्या मोठ्या माणसाचा. दोन्ही सारखे भरले तर फॉर्म पुढे जाऊ देऊ नका. ओटीपी फक्त एका नंबरावर जातो, त्यामुळे कॅफेवाला आपलाच नंबर टाकतो, नाहीतर त्याचं काम अडतं. दुसऱ्या नंबराला ओटीपी नको, पण निरोप दोन्हीकडे जाऊ दे.

एक गंमत म्हणजे किनाऱ्यावरच्या घरांत हे जूनमध्ये सोपं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बापूस घरीच असतो आणि फोन उचलतो. ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या की मग बोंबला.

निवृत्त_ओएस

रत्नागिरीत ऑफिस सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालो. वर्कफ्लो वगैरे शब्द नव्हते तेव्हाही प्रवाह होता. बारनिशीतून (आवक-जावक नोंदवहीतून) निघून तो प्राचार्यांच्या सहीपर्यंत जायचा. खिडकी ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर नंतर बोलतो. आधी ज्यात सॉफ्टवेअर हमखास घोळ घालतं ते.

आरक्षण. राज्यात सध्या अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागास (इमाव) १९, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) १० आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) १०. तुकडी १२० ची धरली तर अनुसूचित जातीच्या जागा येतात १५.६. अपूर्णांक जागेवर बसणार कोण? सॉफ्टवेअर आपल्या मनाने वर-खाली करतं, आणि कशाच्या आधारावर हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. टक्केवारी टाकूच नका. प्रवेश समितीने सही केलेला जागांचा तक्ता घ्या आणि पूर्ण आकडे हाताने भरा. अल्पसंख्याक संस्था असेल तर तक्ता वेगळा, हेही बघा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्रम. आधी खुल्या जागा निव्वळ गुणांवर भरायच्या, अर्जदार कोणत्याही प्रवर्गाचा असो. कुणबी मुलगी ९१ टक्क्यांवर खुल्या यादीत बसत असेल तर ती खुल्यातच. तिच्यामुळे इतर मागासची एक जागा खर्ची पडता कामा नये. 'प्रवर्ग = इमाव असल्यास इमाव यादीत टाका' असा सरळ नियम कोणी लिहिला की तिथेच अन्याय झाला, आणि यादी भिंतीवर लागेपर्यंत कोणाला कळतही नाही.

तिसरं, यादी गोठवा. यादी जाहीर झाली की त्या क्षणाची प्रत वेगळी ठेवून कुलूप लावायचं. नंतर पुनर्मूल्यांकनात कोणाचे गुण वाढले आणि ते अर्जात बदलले, तर जिवंत यादीतले क्रमांक सरकतात. काल तिसावा असलेला आज एकतिसावा दिसतो आणि पालक दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट घेऊन येतात.

शंकेखोर

+१, विशेषतः गोठवण्याला.

कोड_आणि_कोकम

अलिबागहून. ज्यांच्याकडे सॉफ्टवेअरला पैसे नाहीत त्यांच्यासाठी: गुगल फॉर्म, शीट आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटसोबत आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) एवढ्यावर बरंच जमतं. फॉर्म सबमिट झाला की स्क्रिप्ट चालते, ओळ तपासते, पोचपावतीचा ईमेल पाठवते. पण मर्यादा आधीच माहीत असू द्या. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच ईमेल जातात, वर्कस्पेस (गुगलच्या संस्थांसाठीच्या पैसे भरलेल्या) खात्यावरून १५००. एक स्क्रिप्ट एका वेळी सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. निकालानंतरच्या गर्दीत १०० चा आकडा दुपारच्या आत संपतो, आणि त्यानंतरच्या मुलांना पोचपावती न मिळाल्याने ती परत अर्ज भरतात. मग एकाच मुलाचे तीन अर्ज.

कागद अपलोड करायला लावले तर मुलाला गुगल खात्यात लॉगिन करावं लागतं. कॅफेत बसून कॅफेवाल्याच्याच खात्यातून अपलोड झालेले दाखले पाहिलेत. आणि फायली जातात फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हवर. फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि फोटोंसकट असते. भरली की संपलं.

छोट्या अभ्यासक्रमाला ठीक. डिग्री कॉलेजच्या सगळ्या प्रवेशांना मी हे सुचवणार नाही.

खिडकी_नंबर_दोन

सगळ्यांचे आभार. कागदावर बाण काढले. सहकाऱ्यांशी वाद होऊन त्यातले निम्मे खोडले. ओएस काका, 'तात्पुरता प्रवेश' कुठे बसवू? नॉन-क्रिमिलेयर नाही, जात पडताळणीला अर्ज केलाय पण पावतीच आहे, अशी मुलं दर वर्षी असतात.

एकाच मुलाच्या तीन अर्जांचं तर आमच्याकडेही आहे. आणि उलटंही: तीन वेगळी मुलं एकाच नावाची. एका वाडीत आडनाव एक, नाव तेच, वडिलांचं नावसुद्धा तेच असं निघतं.

निवृत्त_ओएस

दुहेरी अर्ज नावावरून शोधू नका. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. जन्मतारीख आणि बारावीचा आसन क्रमांक ही जोडी तपासा. गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं, तेही घ्या. एका नावाची दोन मुलं समोर आली की तेच उपयोगी पडतं. आणि दुहेरी सापडला तर सॉफ्टवेअरने खूण करायची, पुसायचं नाही. पहिला अर्ज अर्धवट आणि दुसरा पूर्ण, असं असतं बऱ्याचदा.

तात्पुरता प्रवेश ही खरी स्थिती आहे, ती लपवू नका. 'प्रवेश निश्चित'च्या आधी 'तात्पुरता – कागद येणे बाकी' असा मुक्काम ठेवा आणि प्रत्येक कागदाला त्याची मुदत. नॉन-क्रिमिलेयरमध्ये 'आहे/नाही' एवढंच विचारू नका, वैधतेची तारीख विचारा. दाखला ३१ मार्चला संपतो. जूनमध्ये मूल मोठ्या आत्मविश्वासाने गेल्या वर्षीचा अपलोड करतं आणि रकान्यात 'आहे' येतं. तारखेचा रकाना असेल तर सॉफ्टवेअर पहिल्याच मिनिटाला सांगेल की हा संपलाय, नवा आणा, आणि मुलाला सेतूत जायला आठवडे मिळतील. माझ्या मते अख्ख्या वर्कफ्लोत सर्वांत उपयोगी नियम हाच. बाकी सगळं नाही झालं तरी एवढा करा.

दापोलीची_आई

मी खिडकीच्या या बाजूची. मुलगा गेल्या वर्षी बारावी झाला, चार ठिकाणी अर्ज केले होते. एका कॉलेजचे मेसेज आठवले की अजून डोकं उठतं. 'कृपया शुल्क भरा.' भरलं. संध्याकाळी परत 'कृपया शुल्क भरा, अन्यथा प्रवेश रद्द.' नवरा घाबरून तालुक्याला निघाला. तिथे खिडकीवर सांगितलं, 'तो आपोआप जातो, लक्ष देऊ नका.' लक्ष द्यायचं नाही तर पाठवता कशाला?

आणि भाषा. 'युवर अ‍ॅप्लिकेशन स्टेटस हॅज बीन चेंज्ड टु डीफिशियन्सी.' माझ्या सासूबाईंना वाटलं मुलात काही कमतरता निघाली.

रत्नांग्री_ते_हिंजवडी

दापोलीच्या ताई, यात चूक स्मरणपत्राची नाही. स्मरणपत्र थांबवायची अट कोणी लिहिलीच नाही. प्रत्येक आठवणीच्या नियमाला दोन गोष्टी हव्यात. पाठवण्याच्या क्षणी स्थिती पुन्हा तपासायची, सकाळी केलेल्या यादीवरून संध्याकाळी पाठवायचं नाही. आणि एका कारणासाठी जास्तीत जास्त किती वेळा, हे ठरवायचं. मी दोन म्हणेन. तिसऱ्या वेळी ते नाव कर्मचाऱ्याच्या फोनयादीत जावं. ज्याने दोन मेसेज वाचले नाहीत तो तिसराही वाचत नाही.

खिडकी ताईंसाठी आणखी एक: नियम स्वतःच्या शेपटीला चावत नाही ना, ते बघा. 'नोंद बदलली की मेसेज पाठव' असा नियम, आणि मेसेज गेल्याची नोंद त्याच अर्जात होते. म्हणजे नोंद बदलली. म्हणजे परत मेसेज. नेहमी 'अमुक रकाना बदलला तर' असा नेमका ट्रिगर घ्या.

आणि घड्याळ. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर (यूटीसी) असेल तर रात्री १२ ची मुदत आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपते. विक्रेत्याला लेखी विचारा.

मालवणी_खाजा

मेसेज मराठीत करतलात तर पैशांचा पण बघा. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. त्याहून लांब झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा ६७ चा, प्रत्येकाचे पैसे वेगळे. आणि जोडाक्षर डोळ्याला एक दिसतं, पण 'क्ष' मोजताना तीन होतात.

शिवाय ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांमुळे मजकूर आधी डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-पोर्टलवर) नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. कॉलेजची नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव, मजकुराचा साचा, सगळं. साच्यात जे बदलणार ते आधीच दाखवायचं. ऐन जूनमध्ये 'मुदत वाढली' असा मेसेज पाठवायचा आणि तो साचाच मंजूर नाही, असं होतं. म्हणून मुदतवाढ, यादी पुढे ढकलली, कार्यालय बंद, हे साचे एप्रिलमध्येच करून ठेवा. पावसात लागतातच. व्हॉट्सअ‍ॅपच्या अधिकृत व्यावसायिक सेवेतही आपण होऊन पाठवायचा मजकूर आधी मंजूर लागतो. मुलाने स्वतः लिहिलं तर २४ तास मोकळेपणी उत्तर देता येतं.

एक साचा देतो, वापरा: 'अर्ज अपूर्ण आहे. राहिलेले कागद लॉगिनमध्ये पाहा. मुदत १२ जून.' मोकळ्या जागा आणि टिंबं धरून ६० भरतात. उरलेल्या दहात कॉलेजचं छोटं नाव बसवा.

निवृत्त_ओएस

आता आपोआप रद्द करण्याबद्दल. प्राचार्यांची बाजू मला कळते. मुदत एकदा माणसाच्या हातात गेली की फोन सुरू होतात: अध्यक्षांचा, सरपंचांचा, कोणाच्या तरी मामाचा. यंत्राने केलं की 'साहेब, सिस्टीमने केलं' म्हणून मोकळं होता येतं. पण ताई, तुमचं मन तयार नाही ते बरोबर आहे. शुल्काची शेवटची तारीख जूनमध्ये येते. त्याच दिवशी घाटात झाड पडलेलं असतं, तालुक्यात दुपारपासून लाईट नसते, बँकेत लिंक नसते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडात वीज यायला किती वेळ लागला ते तिथल्यांना विचारा. अशा दिवशी यंत्राने रात्री बाराला जागा काढून दुसऱ्याला दिली, तर परत कशी घेणार? दुसऱ्यानेही पैसे भरलेले असतील.

रत्नांग्री_ते_हिंजवडी

काका, असहमत. सवलत एका दिवसाची दिली तरी प्रतीक्षा यादीतला मुलगा थांबून राहतो, आणि तोही कोकणातलाच असतो. त्याच्याकडेही लाईट नसते. जागा कोणासाठी तरी अडवणं हा त्याच्यावर अन्याय. मुदत सगळ्यांना एक, आणि ती पाळायला यंत्रच बरं. ते मामा बघत नाही. वादळ आलं तर समितीने सगळ्यांची मुदत वाढवावी, एकट्याची नको.

निवृत्त_ओएस

सगळ्यांची वाढवावी हे मान्य. पण ती वाढवायला माणूस जागा हवा ना रात्री बाराला? तुमच्या नियमात जागा आधी जाते, समिती सकाळी साडेदहाला येते.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून. दोघांच्या मधलं आमच्या संस्थेत चालतं ते सांगते. मुदत संपली की यंत्र प्रवेश रद्द करत नाही. अर्जाला 'मुदत संपली' या स्थितीत टाकतं. तिथे दोन गोष्टी आपोआप होतात. मुलाचं शुल्क भरण्याचं बटण बंद होतं, आणि नाव दुसऱ्या दिवशी सकाळच्या यादीत येतं. ती यादी समितीचे दोघे बघतात, सगळी एकदम रद्द करायची की सगळ्यांची मुदत वाढवायची, एवढेच दोन पर्याय. एकट्याला वाढ देण्याचं बटणच ठेवलेलं नाही, त्यामुळे मामांच्या फोनला उत्तर तयार असतं. प्रतीक्षा यादीला निरोप त्या बटणानंतरच.

याचं आणखी एक कारण आहे, पैशांचं. युपीआयने रात्री ११:५५ ला पैसे कापले जातात, पण पेमेंट गेटवेकडून (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेकडून) 'मिळाले' असा निरोप सॉफ्टवेअरला उशिरा येतो. बाराला रद्द केलं तर त्या मुलाचे पैसेही गेले आणि जागाही. म्हणून सकाळी रद्द करण्याआधी गेटवेचा हिशोब जुळवणं हे पहिलं काम, आणि शुल्क अडकलेल्यांना 'पेमेंट तपासणीत' अशी वेगळी खूण.

कागदांबद्दल: २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे 'फाइल बघून सांगते' हे वाक्य कोणी म्हणत नाही. अर्जाची स्थिती कोणी, कधी बदलली याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तिची प्रत इमारतीबाहेर.

रत्नांग्री_ते_हिंजवडी

पेमेंटचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. 'एकट्याला वाढ देण्याचं बटणच नाही' हे आवडलं. माझा आक्षेप मागे.

शंकेखोर

नोंदीवरून आठवलं, कोणाला काय दिसतं हे कोणी बोललंच नाही. गुणवत्ता यादीत मोबाइल नंबर आणि जात छापून ती पीडीएफ गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरताना पाहिली आहे. बारावीची बरीच मुलं १८ च्या आतली असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अल्पवयीनांच्या माहितीला जास्त जपायला सांगतो, पालकांच्या संमतीची तरतूद आहे. यादीत अर्ज क्रमांक, नाव, गुण, कोणत्या जागेवर निवड, एवढं पुरे. दाखल्यांच्या प्रती फक्त छाननी करणाऱ्याला दिसाव्यात. ग्रंथालयाच्या लॉगिनला कशाला?

दापोलीची_आई

बाहेर पडण्याचं पण लिहा हो कोणीतरी. आमच्या मुलाला नंतर फार्मसी मिळाली. पहिल्या कॉलेजातून टीसी आणि पैसे काढताना जे झालं ते प्रवेशापेक्षा अवघड होतं.

निवृत्त_ओएस

बरोबर. सीईटीच्या फेऱ्या लागल्या की पारंपरिक कॉलेजांतली मुलं निघतात, हे दर वर्षीचं आहे, आणि वर्कफ्लो काढताना 'रद्द' हा एक बाण काढून लोक थांबतात. मुलाने रद्दची विनंती करायची, शुल्क परतावा किती हे तारखेवरून ठरायचं, मूळ दाखले परत, जागा मोकळी, प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला निरोप. परतावा आणि जागा मोकळी होणं एकमेकांवर अडकवू नका. लेखा विभागाची सही महिनाभर लागली तरी जागा त्याच दिवशी सुटली पाहिजे.

यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ कागदपत्रं संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. शुल्काचं म्हणाल तर २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परतावा, असं परिपत्रक होतं. तारखा वर्षाला बदलतात, म्हणून त्या नियमात पक्क्या कोरू नका, सेटिंगमध्ये ठेवा.

खिडकी_नंबर_दोन

सरांना वाशिष्ठी ताईंची पद्धत दाखवली. 'एकट्याला वाढ नाही' यावर ते लगेच तयार झाले, त्यांना तेवढंच हवं होतं असं आता वाटतंय. या वर्षी फक्त चार नियम लावतेय: पोचपावती, नॉन-क्रिमिलेयरची तारीख तपासणं, त्रुटीची दोन स्मरणपत्रं आणि तिसऱ्या वेळी फोनयादी, आणि मुदत संपल्यावर सकाळची यादी. गुणवत्ता यादी सॉफ्टवेअरमधून काढायची, पण ओएस काकांच्या क्रमाने हाताने लावलेल्या यादीशी ताडून मगच जाहीर करायची. खोटे अर्जदार तयार करून चाचणी चालू आहे: एक दुहेरी अर्जवाला, एक संपलेल्या दाखल्याचा, एक खुल्यात बसणारी कुणबी मुलगी, एक पैसे अडकलेला. चौथ्याने अपेक्षेप्रमाणे गोंधळ घातला, विक्रेत्याला कळवलंय.

शेवटचा प्रश्न. एसवाय, टीवायची (दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाची) मुलंही याच वर्कफ्लोत घेऊ का? दोनदा काम नको.

निवृत्त_ओएस

नको. ती अर्जदार नाहीत, आपलीच मुलं आहेत. त्यांची पुढच्या वर्गात नोंदणी होते, प्रवेश नव्हे. एटीकेटीवाल्यांचा (काही विषय राहूनही वरच्या वर्गात गेलेल्यांचा) निकाल पुढेमागे लागतो, त्यांना शुल्काची सवलत वेगळी, आरक्षणाचा हिशोब पहिल्याच वर्षी झालेला. एकत्र घातलंत तर टीवायच्या मुलाला 'तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे' असा मेसेज जाईल. त्यांच्यासाठी दोन स्थितींचा वेगळा छोटा प्रवाह करा, शुल्क बाकी आणि नोंदणी झाली, आणि तोही ऑगस्टमध्ये, पहिल्या वर्षाची धांदल संपल्यावर.